पाच प्रश्नांतला पहिला

‘फिट’ हा शब्द स्वतःच्या तोंडाने म्हणायला मला दीड वर्ष लागलं. तोवर मी ‘चक्कर’ म्हणायचो. घरातले, कारखान्यातले, सगळे माझ्या सोयीसाठी चक्करच म्हणायचे. तुमच्याही घरात सध्या चक्कर चालू असेल तर हे वाचा. औषधांची नावं यात नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. माझं काय झालं आणि त्यात मी कोणती चूक केली, एवढंच सांगणार आहे.

मी श्रीनिवास. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर असतो. मागावरून उतरलेला टॉवेल उजेडाकडे धरायचा, कुठे धागा सुटलाय का बघायचं, सुटला असेल तर बाजूला टाकायचा. आठवड्याचे सहा दिवस हे काम. सातव्या दिवशी मी उडायचो.

हे शेवटचं वाक्य ऐकून लोक एकदा माझ्या पोटाकडे बघतात आणि एकदा आभाळाकडे. सोलापूर सपाट आहे, हे खरं. पण तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाची कड लागते, आणि तिथल्या एका टेकडीवर उन्हाळ्यात दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा अगदी समोरून येतो. टेकडीचं नाव सांगत नाही. खालच्या शेतात उतरायची परवानगी तोंडी आहे, आणि ती तशीच राहिलेली बरी. आम्ही सातजण. रीतसर शिकून आलेलो, ग्लायडरं, म्हणजे दोऱ्यांनी आणि पट्ट्यांनी अंगाला अडकवायच्या कापडी छत्र्या, मात्र बहुतेक दुसऱ्याने वापरलेली. आमच्यातला रफिक गाड्यांची सीटकव्हरं आणि ताडपत्र्या शिवतो. कुणाच्या ग्लायडरला बारीकशी चीर गेली तर तीही तोच बघतो. तो माझा जोडीदार.

जोडीदार म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. उडण्यापूर्वी प्रत्येकाला त्याचा जोडीदार पाच प्रश्न विचारतो. तब्येत? हेल्मेट? छातीचा पट्टा? पायाचे पट्टे? वारा? उडणाऱ्याने मोठ्याने उत्तर द्यायचं. जोडीदाराने त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, मधल्या तीन गोष्टी हाताने ओढून बघायच्या. वारा खांबावरच्या कापडी पिशवीवर दिसतो. तब्येतीचं मात्र ओढून बघता येत नाही. समोरचा सांगेल ते खरं धरायचं.

पट्टे

मार्चमधला रविवार होता. खाली ज्वारी काढून झाली होती, रान मोकळं होतं. रफिकने पाच प्रश्न विचारले आणि मी पाचांना ‘हो’ म्हणालो. त्याने छातीचा पट्टा ओढला. मग वाकून पायाचे पट्टे ओढले, तर दोन्ही त्याच्या हातात आले. मी ते लावलेच नव्हते.

या चुकीवर आमच्यात कुणी हसत नाही. पायाचे पट्टे उघडे राहिले तर पाय जमिनीवरून सुटताच माणूस खाली घसरतो आणि काखांवर लटकून राहतो. किती वेळ राहील ते त्याच्या दंडांवर.

“बैठ आज,” रफिक म्हणाला. हाही आमचा नियम. ज्याची चूक सापडते तो त्या दिवशी उडत नाही आणि वाद घालत नाही.

मी ग्लायडर गुंडाळायला लागलो. तो शेजारी येऊन उकिडवा बसला. “श्रीनू, हो म्हणताना तू कुटं बघत होतास?”

“तुझ्याकडे.”

“माझ्याकडं न्हवतास बघत. कुटंच न्हवतास बघत. डॉक्टरला दाखव.”

दाखवतो म्हणालो. दाखवलं नाही.

कारण रफिकला जे त्या दिवशी दिसलं ते मला तीन महिन्यांपासून माहीत होतं. मधूनच काही क्षण गळायचे. कपात गरम चहा असायचा आणि लगेच गार असायचा. मोटरसायकलवर सिग्नलला थांबलो की मागून हॉर्न वाजायला लागायचे. तपासून मी पास केलेल्या गठ्ठ्यात साहेबांना एकदा सुटलेल्या धाग्याचा टॉवेल मिळाला. मागावर एक धागा तुटला तरी माग थांबत नाही, कापड पुढे विणलं जातं आणि रेघ मात्र राहून जाते. जन्मभर मी दुसऱ्यांच्या रेघा शोधत आलो. स्वतःची सापडली तेव्हा झोप पुरत नाही असं ठरवून मोकळा झालो.

एकदा हे हवेत झालं. टेकडी डाव्या हाताला लांब होती आणि पुढच्याच क्षणी झाडांची पानं मोजता येतील इतकी जवळ. मधलं काही नव्हतंच. ग्लायडर वळवून उतरलो आणि कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर त्या दिवसापासून उडणं बंद झालं असतं. हिशोब एवढा साधा होता.

त्याच्या पुढच्या रविवारी मी सनाला घेऊन उडालो. सना रफिकची मुलगी, तेव्हा अकरावीत होती. दोघांना उचलणारं मोठं ग्लायडर आमच्यात मी आणि रफिक असे दोघेच चालवायचो. रफिक म्हणाला, पोरगी पुढ्यात असली की बापाचा हात कापतो, तूच ने. टेकडीच्या कडेवर उभं राहून त्याने मला विचारलं, “तब्येत?” मी म्हणालो, “एकदम ठीक.”

ते उड्डाण छान झालं. सना वरून बापाला हाका मारत होती. पट्ट्यांची गोष्ट घडली ती त्यानंतरच्या रविवारी.

टेबल

मोठी फिट बुधवारी आली, कारखान्यात, तपासणीच्या टेबलाजवळ. मला त्यातलं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा दवाखान्यात होतो, जीभ चावली गेली होती आणि मुठीत कुणीतरी कोंबलेली कुलपाची किल्ली होती. नाकाला चामड्याचा वास येत होता. कारखान्यातल्या मंडळींनी चपलेपासून कांद्यापर्यंत सगळं हुंगवून पाहिलं होतं. त्यांच्यावर राग नाही, त्यांना एवढंच माहीत होतं. आता तुम्हाला सांगून ठेवतो: फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, तोंडात आणि हातात काही घालू नका, घड्याळाकडे बघा आणि दवाखान्याची गाडी बोलवा. चप्पल पायातच राहू द्या.

आमच्या घरात तेलुगू आणि मराठी एकत्र नांदतात. त्या सकाळी माझी मराठी गेली होती. नर्सला मी सारखं ‘नीळ्ळू, नीळ्ळू’ म्हणत होतो आणि ती बिचारी निळं काय हवंय ते शोधत होती. माझी बायको रेणुका आली तेव्हा कुठे पाणी मिळालं. मराठी दुपारनंतर परत आली.

मेंदूचा फोटो काढायच्या यंत्रात लोक घाबरतात म्हणे. बंद नळी आणि कानाशी खडखड. मी यंत्रमागाच्या खोलीत पाळण्यात वाढलेला माणूस. त्या खडखडीत मला गाढ झोप लागली आणि बाहेर काढल्यावर हलवून उठवावं लागलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मेंदूत एका जागी जंताची बारीक गाठ झाली होती, औषधाने जाईल, फिट येऊ नये म्हणून गोळ्या मात्र काही वर्षं घ्याव्या लागतील, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग विचारलं, “याआधी कधी काही क्षण भान हरपल्यासारखं झालं होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

रेणुका खाटेच्या पायथ्याशी उभी होती. रफिक दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. तो कारखान्यातला निरोप मिळाल्याबरोबर दुकान उघडं टाकून आला होता.

“झालंय डॉक्टर,” रफिक म्हणाला. “आम्ही ग्लायडरनं उडतो. रविवारी उडायच्या आधी याचे पायाचे पट्टे खुल्ले होते आणि हा हो हो म्हणत होता.”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. मग मी सगळं सांगितलं. चहा, सिग्नल, टॉवेल.

“वर असताना?”

“एकदा.”

“केव्हा?”

खोटं बोलायला अजून जागा होती. पण त्या दिवशी मी फार दमलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी खरं बोललो ते धैर्यामुळे नाही, थकव्यामुळे. “सनाला नेलं, त्याच्या आधीच्या रविवारी,” मी म्हणालो.

रफिक उठला. स्टूल भिंतीला लावलं आणि निघून गेला. जाताना दार त्याने अगदी हळू ओढून घेतलं.

कडी

सहा दिवस दवाखान्यात होतो. दोन्ही बाजूंनी कठडे लावलेली खाट, पहाटे ताप बघणं, साडेसातला चहा, दहाला डॉक्टर, चारला पुन्हा चहा. भीती वाटायची ती पुढच्या फिटची नव्हे. फिट येते तेव्हा आपण तिथे नसतोच. भीती मधल्या वेळेची वाटायची. डोळ्यांसमोर काही चमकलं, बोट जरा थरथरलं, की आली असं वाटायचं. ही भीती कमी व्हायला वर्ष गेलं. ती कमी होते, एवढं लक्षात ठेवा.

शेजारच्या खाटेवर श्रीपूरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. भेटायला आलेल्यांच्या बोलण्यातून त्यांना माझा रविवारचा उद्योग कळला.

“छत्री घिऊन उडत्यात, त्यातलं तुमी?”

“हो.”

“मग हितं कसं काय?”

“टेबलाजवळ पडलो.”

आजोबांनी बराच विचार केला. “म्हंजी आभाळात धडधाकट आन् जमिनीवर पडला. उलटंच हाय की समदं.” आठवड्यातलं माझं पहिलं हसू ते. जीभ दुखली.

दवाखान्यात एक गोष्ट मला सर्वांत जड गेली, संडासच्या दाराला कडी लावायची नाही. आत पडलो तर दार उघडता आलं पाहिजे. घरी आलो तर रेणुकाने बाथरूमची कडी स्क्रूसकट काढून ठेवलेली. मी आत गेलो की ती बाहेरून दर दोन मिनिटांनी विचारायची, “आहात ना?” मी म्हणायचो, “आहे.” पंचेचाळिशीच्या माणसाला अंघोळ करताना हजेरी द्यावी लागते, याची मला इतकी लाज वाटायची की पहिले काही दिवस मी मुद्दाम उशिरा उत्तर द्यायचो. तिसऱ्या खेपेला ती दार ढकलून आत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानंतर वेळेवर उत्तर दिलं.

मोटरसायकलची किल्ली गायब झाली. ज्वारीच्या डब्यात आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. ती मला स्कूटीवर मागे बसवून कारखान्यात सोडायची. नीट न धुतलेल्या भाजीतूनही हा जंत पोटात जातो असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तेव्हापासून सगळा दोष कोबीच्या डोक्यावर. वर्षभर आमच्या घरात कोबी आला नाही. नातेवाईकांनी बजावलं, फिट म्हणू नका, भाचीचं लग्न ठरायचंय.

या सगळ्यात रेणुका एकदाच तोडून बोलली. पोळ्या लाटत होती, मान वर केली नाही. “आजारपणाचं मला काही नाही. ते कुणालाही येतं. तुम्ही दर रविवारी मला सांगून जायचात, आज वारा चांगला आहे म्हणून. वाऱ्याचं सांगत होतात. स्वतःचं नाही सांगितलंत. कुणाचं लेकरू सोबत घेऊन गेलात तरी नाही.”

 

कापड

रफिक चार महिने आला नाही. मी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. बाकीचे पाचजण येऊन गेले, फळं ठेवून गेले, रफिकचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

एका सोमवारी दुपारी तो दारात उभा राहिला. रेणुकाला म्हणाला, “भाभी, याचं ग्लायडर माळ्यावर हाय ना? पावसाळी हवा हाय. कापडाला बुरशी लागंल.” मी खाटेवर बसलेलो त्याला दिसत होतो. त्याने पिशवी खांद्यावर टाकली आणि नेली. आठवड्याने परत आणून दिली. सावलीत वाळवून, दोऱ्या सोडवून, घडीवर घडी. एका शिवणीवर नवा टाका होता. “पाणी घेशील?” मी विचारलं. “नक्को,” म्हणाला. दोन महिन्यांनी पुन्हा आला, पुन्हा घेऊन गेला.

असं वर्षभर चाललं. माझ्याशी त्याचं बोलणं झालं ते कापडाबद्दल. पण बुरशीची काळजी एखाद्याला किती असावी यालाही मर्यादा आहे, आणि मी तेवढ्यावर जगत होतो. उडणं गेल्याचं दुःख होतंच. पण रोज आठवायचं ते भिंतीला लावलेलं स्टूल. रफिक माझ्या शब्दावर पुन्हा कधी विश्वास ठेवेल का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि हे विचारता येत नाही.

दीड वर्षाने सातवी-आठवी खेप असेल. पिशवी उचलताना तो म्हणाला, “रविवारी खाली वॉकीटॉकीवर माणूस पायजे. येतोस?”

रान

गेलो. आम्ही उतरतो ते रान कौसाबाईंचं. साठीच्या पुढची बाई, आम्हाला सगळ्यांना एकेरीत बोलणारी. शेताच्या कडेला वाऱ्याची पिशवी लावत होतो तर आल्या.

“लई दिसानं दिसलास. कुटं व्हतास?”

“आजारी होतो.”

“काय झालं व्हतं?”

का कोण जाणे, त्या मोकळ्या रानात ‘चक्कर’ म्हणायचा कंटाळा आला. “फिट यायच्या,” मी म्हणालो.

“मग? माझ्या थोरल्याला बी यीत व्हत्या. गोळी खातोय, शेत करतोय, दोन पोरं हायेत.” आणि खालची पिशवी वाकडी लावलीय, खांब अजून ठोक, असं सांगून त्या शेळ्यांमागे गेल्या. दीड वर्ष ज्या शब्दाला मी घाबरलो त्याचं झालं ते एवढंच.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागलो. खालून वारा सांगायचा, कोण कुठे उतरतोय ते बघायचं. मधल्या काळात सना स्वतः उडायला शिकून आली होती. मी कधीकधी टेकडीवरही जायचो, दोऱ्या धरायचो, पाणी द्यायचो. पण पाच प्रश्न विचारायला मला कुणी उभं केलं नाही. सनाचे पट्टे रफिक स्वतःच ओढून बघायचा, माझ्याकडे पाठ करून. ते बरोबरच होतं.

शनिवारचा खण

तीन वर्षं फिट आली नाही. गाठ गेली, गोळ्या चालू राहिल्या. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “एकट्याने उडणं विसरा. दुसऱ्याने चालवायचं आणि तुम्ही पुढे बसायचं, असं असेल तर बघू. झोप झालेली हवी, गोळी चुकलेली नको, आणि चालवणाऱ्याला सगळं माहीत हवं.” मी हे रफिकला शब्दशः सांगितलं. तो सुई ओवत होता. दोरा ओवून झाल्यावर म्हणाला, “ये रविवारी. मी नेतो.”

त्या रविवारी बाकीचे पुढे गेले होते. मी मागून प्रवासी जीपने निघालो आणि बसल्यावर सकाळची गोळी घ्यायला डबी उघडली. आठवड्याच्या वारांचे खण असलेली डबी आहे माझी. शनिवारचा रात्रीचा खण भरलेला होता. आदल्या दिवशी कारखान्यात माल जायचा होता, दमून आलो, जेवलो आणि झोपलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सकाळची नेहमीप्रमाणे घ्या, आज जपून राहा.

डबी खिशात टाकली. तुळजापूरच्या रस्त्याला चाळीस मिनिटं लागतात. एक गोळी, मी स्वतःला सांगत होतो, एका गोळीने काय होतं. मला उडायचं होतं. इतकं हवंसं मला आयुष्यात फार थोडं वाटलंय, आणि हे लिहितानाही वाटतंय.

दुपार कलल्यावर वर वारा समोरून यायला लागला. कापडी पिशवी सरळ ताठ. मोठं ग्लायडर पसरलं, रफिकने मला पुढच्या हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या झोळीत, उभं केलं, स्वतः मागे अडकवून घेतलं. पट्टे सगळे लागले. तो माझ्या खांद्याशी वाकला.

“तब्येत?”

ओढून बघता येणार नाही असा प्रश्न.

“रात्रीची गोळी राहिली,” मी म्हणालो.

 त्याने हात पुढे आणून माझ्या छातीचा पट्टा सोडला, नंतर पायाचे दोन्ही. “बैठ आज,” म्हणाला.

मी बाजूला झालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वाऱ्यामुळे असं मी म्हणणार नाही. रफिकने ग्लायडर गोळा केलं, करवंदीच्या जाळीशी जाऊन बसला आणि पाण्याची बाटली उघडली. मागे सना तिचं ग्लायडर पसरून, हेल्मेट घालून उभी होती. बापाची वाट बघत होती.

“श्रीनू,” रफिक बसल्या जागेवरून म्हणाला, “सनाचं तू बघ.”

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“तब्येत?”

“ठीक, काका.”

“विचार करून सांग.”

तिने खरंच विचार केला. “जरा सर्दी आहे. कान मोकळे आहेत. बाकी ठीक.”

हेल्मेट बघितलं. छातीचा पट्टा ओढला. मग वाकून पायाचे पट्टे ओढले, आधी उजवा, मग डावा. घट्ट होते. तरी पुन्हा एकदा दोन्ही ओढले. वारा विचारला, तिने सांगितला. “जा,” मी म्हणालो.

ती धावली. मी वळून पाहिलं. रफिक तिथेच बसला होता, पट्टे बघायला उठला नव्हता.